वासावर जाऊ नका, रेणूकडे बघा

इमारतीत कुणाकडे फर्निचरला पीयू पॉलिश मारायचं काम चालू असलं की ते सगळ्या मजल्यांना कळतं. थिनरचा वास जिन्यात भरून राहतो, शेजारी खिडक्या लावून घेतात, कुणी तरी वर जाऊन विचारून येतं, अजून किती दिवस? थिनरचे त्रास आहेतच. डोकं दुखतं, गरगरतं, वर्षानुवर्षं हुंगलं तर मेंदूला आणि यकृताला इजा होते. पण दम्याची काळजी करायची असेल तर बाजूला ठेवलेला लहान डबा बघायला हवा, हार्डनरचा. त्यात बहुतेक वेळा आयसोसायनेट या कुळातली रसायनं असतात. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या कारणांत हे कूळ जगभर वरच्या क्रमांकांत आहे, आणि त्याचा वास जवळपास येतच नाही. टोल्युइन डायआयसोसायनेट म्हणजे टीडीआय घ्या. हवेतलं त्याचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेल्यानंतरच नाकाला त्याची चाहूल लागते. वास आला, याचा अर्थ मर्यादा आधीच ओलांडली गेली आहे.

नाक चुकतं, मग विश्वास ठेवायचा कशावर? गेल्या काही दशकांत पुढे आलेलं एक उत्तर मला फार आवडतं. रसायनाच्या रेणूचं चित्र बघा. कुणाच्याही छातीत जाण्याआधी, कारखान्यात पहिलं पिंप उघडण्याआधी, कागदावरच्या त्या आकृतीवरून बरंच काही सांगता येतं.

मोठ्यांच्या दम्यातला सहावा भाग

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१९ साली एक संयुक्त निवेदन काढलं. मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यापैकी सुमारे १६ टक्के दम्याचं ओझं कामाच्या जागेवर टाकता येतं, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे साधारण सहांतला एक. दमा म्हणजे धूळ, थंडी, परागकण, आनुवंशिकता एवढंच डोक्यात असलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा मोठा वाटेल. कामाच्या जागी दमा देऊ शकणाऱ्या पदार्थांची यादी आज काहीशेंच्या घरात आहे.

हा दमा ओळखू येत नाही, कारण तो उशिरा येतो. एखादा माणूस रसायनाबरोबर कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं बिनतक्रार काम करतो. त्या काळात शरीर मुकाट्याने त्या रसायनाशी वैर धरत असतं. एकदा वैर पक्कं झालं की मग अगदी थोडंसं पुरतं. शेजारच्या खात्यात कुणी डबा उघडला तरी याची छाती भरते.

त्यात आणखी एक गोम आहे. काही जणांना काही मिनिटांत धाप लागते, पण पुष्कळांना त्रास होतो तो चार-आठ तासांनी. दिवसपाळी आटपली, घरी आला, जेवला, झोपला, आणि रात्री खोकल्याने उठून बसला. अशा वेळी घरच्यांचा संशय पंख्यावर जातो, गादीवर जातो, रात्रीच्या दह्यावर जातो. सकाळी शिफ्टमध्ये हाताळलेल्या हार्डनरवर जात नाही.

धागा सापडतो तो सुट्टीत. साप्ताहिक सुट्टीला बरं वाटतं का? गणपतीला आठ दिवस गावी गेल्यावर छातीतली शिट्टी थांबते का? परतल्यावर पुन्हा सुरू होते का? हे तीन प्रश्न कोणत्याही महागड्या तपासणीच्या आधी विचारता येतात, आणि विचारायलाच हवेत.

बर्मिंगहॅममध्ये शेरवूड बर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नांना आकड्यांत बसवलं. रुग्णाने दर दोन तासांनी पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायचं आणि आकडा लिहून ठेवायचा, कामावरही आणि सुट्टीतही. मग ‘ओएसिस’ नावाचं सॉफ्टवेअर तो आलेख वाचतं आणि चढउतार कामाच्या दिवसांशी जुळतात का ते सांगतं. फुंकायचं यंत्र अगदी साधं, प्लॅस्टिकचं. लागते ती चिकाटी.

“तुम्ही काम काय करता?”

हा प्रश्न रुग्णाला विचारलाच पाहिजे, असं बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने लिहून ठेवलं. त्याचं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक १७०० साली मोदेनात छापलं गेलं. पिठात काम करणारे भटारी, धान्य चाळणारे हमाल यांचा खोकला आणि धाप त्याने त्यात नोंदवली आहे. भटाऱ्यांचा दमा आजही व्यवसायजन्य दम्याच्या सगळ्यात ठळक प्रकारांत मोडतो. गव्हाच्या पिठाची ॲलर्जी तर असतेच, शिवाय पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घालतात त्या बुरशीजन्य अमायलेज विकराचीही असते.

पीठ, विकर, प्राण्यांचे केस, ही सगळी मोठ्या प्रथिनांची मंडळी. शरीर त्यांना परकं म्हणून थेट ओळखतं. कोड्यात टाकतात ती लहान रसायनं. त्यांचे रेणू इतके छोटे असतात की रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेत ते एकेकटे भरतही नाहीत. मग त्यांचं वैर जडतं कसं? तर ते फुप्फुसातल्या आपल्याच प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि ते बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटू लागतं. जो रेणू चिकटू शकतो तो धोकादायक. भाकिताची सगळी किल्ली या एका वाक्यात आहे.

दोन हातांचे रेणू

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधले डॉक्टर रेमंड एगियस यांनी दमा देणाऱ्या लहान रसायनांच्या आकृत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांच्यात एक साम्य त्यांना दिसलं. यांतल्या पुष्कळ रेणूंना प्रथिन पकडू शकणारे क्रियाशील गट होते, आणि तेही एक नाही, दोन किंवा जास्त. एका हाताने धरलेली वस्तू सुटू शकते. दोन हातांनी धरली की पकड पक्की होते, शिवाय दोन वेगळी प्रथिनं एकमेकांना जखडूनही टाकता येतात.

आता ओळखीची नावं या नजरेने बघा. गादीच्या फोममधलं टीडीआय: दोन आयसोसायनेट गट. गाडीच्या चकाकणाऱ्या क्लिअर कोटच्या हार्डनरमधलं एचडीआय: एका लांब साखळीच्या दोन टोकांना दोन. कोल्हापूर-सांगलीकडे फाउंड्रीत काम केलेल्यांना ‘कोल्ड बॉक्स’ कोअर माहीत असतील; त्या पद्धतीत वाळू बांधायला एमडीआय वापरतात, त्यातही दोन. एंडोस्कोपीच्या नळ्या निर्जंतुक करायला रुग्णालयांत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं ग्लुटारल्डिहाइड: पाच कार्बनची छोटी साखळी आणि दोन्ही टोकांना अल्डिहाइड. जंतांवरच्या औषधातलं पिपरॅझिन: एका कड्यात समोरासमोर दोन अमाइन. काही पावडर कोटिंगमध्ये असणारं टीजीआयसी: त्याला तर तीन इपॉक्साइड कडी. या सगळ्यांनी कुठे ना कुठे कामगारांना दमा दिल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

थिनरमधलं टोल्युइन किंवा झायलीन मात्र कोणालाच पकडत नाही. त्याला असा एकही क्रियाशील गट नाही. म्हणूनच वासाने घर डोक्यावर घेणारा थिनर दम्याच्या या यादीत बसत नाही आणि बिनवासाचा हार्डनर बसतो. फॉर्मल्डिहाइडही विचार करायला लावतं. डोळ्यांतून पाणी काढणारं हे रसायन कितीतरी ठिकाणी वापरलं जातं, पण त्याच्या ॲलर्जीने दमा जडल्याची प्रकरणं तुलनेने विरळा. त्याला अल्डिहाइडचा गट एकच.

इथे भोपाळची आठवण येणारच. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री गळालेला मिथाइल आयसोसायनेट हाही याच कुळातला, पण एकाच आयसोसायनेट गटाचा. त्याने हजारो माणसं मारली ती थेट विषारीपणाने, फुप्फुसं जाळून. त्यासाठी ॲलर्जी जडायची वाट बघावी लागली नाही. रेणूच्या आकृतीवरून दमा ओळखणारी पद्धत फक्त दम्यापुरतंच बोलते. ‘दमा देणार नाही’ असा तिचा निकाल म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असं कुणीही समजू नये, हे भोपाळइतकं स्पष्टपणे दुसरं काही सांगू शकणार नाही.

९८ रसायनांची परीक्षा

एगियस आणि त्यांच्या मँचेस्टर विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी २००५ साली या निरीक्षणाचं गणिती मॉडेल करून प्रसिद्ध केलं. रेणूत कोणते तुकडे किती वेळा आले आहेत ते मोजायचं आणि त्यावरून ० ते १ मधला एक धोका-निर्देशांक काढायचा. १ च्या जितकं जवळ, तितकी दम्याची शक्यता जास्त. आयसोसायनेट, अमाइन, ॲसिड ॲनहायड्राइड आणि कार्बोनिल हे गट ठळक ठरले, विशेषतः एकाच रेणूत दोन किंवा जास्त वेळा आले तर.

मग परीक्षा. मॉडेलने आधी न पाहिलेली ९८ रसायनं घेतली: २१ दमा देणारी, ७७ न देणारी. दमा देणाऱ्यांपैकी ८६ टक्के त्याने पकडली, आणि न देणाऱ्यांपैकी ९९ टक्के बरोबर वगळली. प्रयोगशाळेत एकही थेंब न सांडता, फक्त आकृतीवरून. या कामाचं मोल समजायला एक गोष्ट माहीत हवी. त्वचेची ॲलर्जी तपासायला उंदरांवरच्या मान्यताप्राप्त चाचण्या आहेत. श्वासातून होणाऱ्या ॲलर्जीसाठी सगळ्यांनी मान्य केलेली अशी एकही प्रमाणित चाचणी नाही. म्हणजे एखादं नवं रसायन दमा देतं का, हे आजवर बहुतेक वेळा एकाच मार्गाने कळत आलं: कामगारांना दमा झाल्यावर. यादीतल्या प्रत्येक नावामागे कुणाची तरी छाती आहे.

कायद्यातही हे प्रतिबिंब दिसतं. आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य दमा आहे, पण तो ‘मान्यताप्राप्त’ ॲलर्जीकारकांमुळे झालेला हवा. नवं रसायन मान्यता मिळण्याआधीच कामावर रुजू होतं. त्या मधल्या वर्षांत आजारी पडणाऱ्याने पुरावा कुठून आणायचा? मला या मॉडेलचं खरं महत्त्व तिथे वाटतं. ते न्यायालयातला पुरावा होऊ शकणार नाही, पण ‘हे रसायन संशयास्पद आहे, याच्याकडे लक्ष ठेवा’ एवढं आधी सांगू शकतं.

आता थोडं गणित, कारण ८६ आणि ९९ हे आकडे भुरळ घालतात. समजा १०,००० रसायनं आहेत आणि त्यांपैकी १०० खरोखर दमा देणारी. मॉडेल ८६ पकडेल, १४ निसटतील. उरलेल्या ९,९०० मधल्या एक टक्क्यावर, म्हणजे ९९ रसायनांवर, उगाच बोट ठेवलं जाईल. एकूण इशारे १८५, त्यांतले खरे ८६. निम्म्याहून कमी! पण उलट बाजू बघा: ज्या ९,८१५ रसायनांना ते ‘नाही’ म्हणालं, त्यांत चुका फक्त १४. म्हणजे या मॉडेलचा होकार तपासून घ्यायचा, नकार मात्र बराच भरवशाचा.

त्याच्या मर्यादाही उघड आहेत. ते फक्त लहान सेंद्रिय रेणूंसाठी आहे. धातू आणि प्रथिनं त्याच्या कक्षेबाहेर. आणि आकृतीवरून हे कळत नाही की रसायन हवेत उडतं का, फवारलं जातं का, बंद टाकीत राहतं का. तोच हार्डनर ब्रशने लावला तर वेगळा आणि स्प्रे गनने मारला तर वेगळा.

यादीतली नवलाची मंडळी

प्लॅटिनमची अंगठी आयुष्यभर घाला, काही होणार नाही. पण प्लॅटिनम शुद्ध करताना तयार होणारे त्याचे क्लोरीनयुक्त क्षार ही दम्याच्या इतिहासातली अत्यंत जहाल नावं आहेत. शिकागोत फोटोच्या कागदावर काम करणाऱ्यांना त्यांचा त्रास झाल्याची नोंद १९११ सालची आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा रेड सिडार सुगंधी, टिकाऊ, घरबांधणीला उत्तम. त्याच्या भुशातलं प्लिकॅटिक ॲसिड हे लहान रसायन लाकूड गिरण्यांतल्या सुमारे ४ ते ५ टक्के कामगारांना दमा देतं. व्हँकुव्हरच्या डॉक्टर मोइरा चॅन-युंग यांनी त्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.

दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल कुणाला माहीत नाही? ते तयार होताना मधल्या टप्प्यावर जी पावडर बनते, तिने कारखान्यातल्या कामगारालाच दमा दिल्याची नोंद १९७६ साली लंडनच्या जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी केली. पेपिस यांची तपासण्याची रीतही लक्षात राहण्यासारखी होती. बंद खोलीत रुग्णाला त्याचं रोजचं काम पुन्हा करायला लावायचं: वॉर्निश असेल तर ब्रशने मारायला सांगायचं, पावडर असेल तर लॅक्टोजमध्ये मिसळून एका ताटलीतून दुसरीत ओतायला सांगायचं, आणि मग तासन्‌तास श्वास मोजत राहायचं. नेमकं कारण हुडकायची ती अजूनही सर्वांत भक्कम पद्धत आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच करायची.

आपल्या घरातलं इसबगोलही यादीत आहे! उत्तर गुजरात आणि राजस्थानातून जगभर जाणाऱ्या या भुशीची धूळ श्वासात जाऊन औषध कारखान्यांतल्या कामगारांना आणि रुग्णांना रोज ते कालवून देणाऱ्या परिचारिकांना दमा झाला आहे. पाण्यात ढवळून पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. अडचण आहे ती रोजच्या कोरड्या धुळीची.

क्यूबेकमध्ये स्नो क्रॅब जातीचे खेकडे उकडून डबाबंद करणाऱ्यांत सुमारे १५ टक्क्यांना दमा आढळला, असं १९८४ साली प्रसिद्ध झालं. वाफेबरोबर खेकड्याची प्रथिनं हवेत जात होती.

एरंडीची गोष्ट आणखी पसरलेली. ओहायोतल्या टोलेडो शहरात एका तेल गिरणीतून उडणाऱ्या एरंडीच्या धुळीने गिरणीत पाऊलही न ठेवलेल्या आसपासच्या रहिवाशांना दमा झाला. १९२८ साली दोन डॉक्टरांनी ते दाखवून दिलं.

आणि बार्सिलोना. १९८१ ते १९८७ मध्ये शहरावर २६ दिवस असे आले की रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत एकाएकी दम्याच्या रुग्णांची रांग लागायची. हवामान, प्रदूषण, सगळं तपासून झालं. शेवटी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या, आणि ते दिवस जुळले सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी. एका कोठाराला धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते. फिल्टर बसवले आणि साथी थांबल्या.

धुण्याच्या पावडरीचा धडा

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये धुण्याच्या पावडरीत डाग काढणारे विकर घालायला सुरुवात झाली आणि कारखान्यात ते मिसळणाऱ्यांना धाप लागू लागली. १९६९ साली हे वैद्यकीय नियतकालिकांत आलं. उद्योगाने विकर टाकून दिले नाहीत. त्यांचे आवरण घातलेले जाडसर दाणे बनवले, म्हणजे धूळ उडायला नको, आणि यंत्रं बंदिस्त केली. आजार मोठ्या प्रमाणावर कमी झाला. आज तुमच्या पावडरीत दिसणारे ते दाणे त्या कामगारांमुळे आले आहेत.

आयसोसायनेटबाबत युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम लावला की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल औद्योगिक किंवा व्यावसायिक कामात वापरणाऱ्याने आधी प्रशिक्षण घेतलंच पाहिजे. आपल्याकडे पीयू पॉलिश मारणारा मुलगा नाकाला रुमाल बांधतो. रुमालाने वाफ अडत नाही. फवारणीसाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तो पुरवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, हे मी अगदी ठामपणे म्हणेन.

कामावर आलेल्या डब्याचं काय करायचं? त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकात दुसऱ्या विभागात एच ३३४ हा संकेत शोधा. ‘श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी, दम्याची लक्षणं किंवा श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो’ असा त्याचा अर्थ, आणि सोबत छातीवर फुटलेला तारा असलेल्या माणसाचं चिन्ह असतं. पत्रक मालासोबत आलं नसेल तर पुरवठादाराकडून मागून घ्या. एच ३३४ नसेल तर तिसऱ्या विभागात घटकांची नावं आणि त्यांचे क्रमांक असतात. त्या क्रमांकावरून रेणूची आकृती मोबाइलवर मिनिटभरात सापडते, आणि तिच्यात आयसोसायनेट, ॲनहायड्राइड, अमाइन किंवा अल्डिहाइड दोनदा दिसलं, तर कारखान्याच्या डॉक्टरांना ते दाखवायला एवढं कारण पुरेसं आहे.